बदलत्या बाजारात कारागिराची ओळख

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात एकोडी नावाचे गाव आहे. ह्या सर्व मुलखाप्रमाणे तेथेही धानाच्या बांध्या, तलाव आणि पलीकडे जंगलाची रेघ असे दृश्य दिसते. अशा गावात जुन्या काळी धंदेवाल्याला स्वतःची ओळख करून देण्याचे कारणच पडत नसे. सुताराने केलेला नांगर किती वर्षे टिकतो, कुंभाराचे मडके पाझरते की नाही, अमक्या विणकराचे लुगडे धुतल्यावर आटते किंवा नाही, हे गावातील प्रत्येक घराला ठाऊक असे. गिऱ्हाईक आणि कारागीर एकाच विहिरीचे पाणी पीत. कारागिराच्या बापाने गिऱ्हाइकाच्या बापाला माल दिलेला असे, आणि त्या मालाची आठवण हीच त्या धंद्याची जाहिरात असे.

ही स्थिती आता राहिलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी ह्या भागात आली, पुढे मोटारी आल्या, नागपूरहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता साकोलीवरून वाहू लागला, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलवर दूरदूरच्या शहरांतील दुकाने उघडी झाली आहेत. ह्या सर्व साधनांनी दोन गोष्टी एकाच वेळी घडवून आणल्या. गावच्या गिऱ्हाइकाला बाहेरचा माल मिळू लागला, आणि गावच्या मालाला बाहेरचे गिऱ्हाईक मिळण्याची वाट मोकळी झाली. परंतु हे बाहेरचे गिऱ्हाईक कारागिराच्या बापाला ओळखत नाही. त्याला मालाची पारखही नाही. ह्या अनोळखी माणसाला आपली आणि आपल्या मालाची ओळख कशी पटवून द्यावी, हा आजच्या प्रत्येक लहान धंद्यापुढील मुख्य प्रश्न होय.

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मनातील एक अडसर दूर केला पाहिजे. स्वतःविषयी बोलणे आपल्या समाजात हलके समजले जाते. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना आत्मस्तुती करणाऱ्याची गणना त्यांत प्रारंभीच केली आहे. तेव्हा सालस कारागिराला आपल्या मालाविषयी चार शब्द बोलावयास संकोच वाटावा, ह्यात नवल नाही. दुसऱ्या बाजूने, बोलणाऱ्याची बोरे विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे आंबेही पडून राहतात, असे आपल्याच आयाबाया सांगत आल्या आहेत. ह्या दोन बोधांत विरोध दिसतो खरा. पण तो वरवरचा आहे. ‘माझ्यासारखा विणकर दुसरा नाही’ असे म्हणणे ही आत्मस्तुती झाली. ‘हा धागा कशाचा आहे, तो असा का दिसतो, तो कसा धुवावा आणि तो कोणी विणला’ हे सांगणे ही माहिती झाली. पहिलीने बोलणारा मोठा होतो, निदान त्याला तसे वाटते. दुसरीने ऐकणारा शहाणा होतो. चांगली जाहिरात ही दुसऱ्या जातीची असते. गिऱ्हाइकाला पारख शिकविणे, हेच तिचे खरे स्वरूप होय.

ह्याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावास आले, सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. तथापि तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते आणि पीक बुडते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. मालाचा गुण माल आपोआप सांगतो, हे जर खरे असते, तर एवढा काळ लागावयास नको होता. माल बोलतो, परंतु ज्याला त्याची भाषा समजते त्याच्याशीच तो बोलतो. शेतकऱ्याला लाकडी नांगराची भाषा समजत होती, लोखंडी नांगराची समजत नव्हती. ती त्याला शिकविल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि काही शेतकऱ्यांच्या वावरात नांगर प्रत्यक्ष चालून दिसल्यावाचून ती शिकवण पुरी होण्यासारखी नव्हती.

पुढे १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींच्या साह्याने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ह्या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे एक लहान नियतकालिक सुरू केले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक होते. कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकांना व अडत्यांना मिळावी, हा त्याचा आरंभीचा हेतू. परंतु त्यात नुसती मालाची वाखाणणी आली असती, तर ते कोणी दुसऱ्यांदा हाती धरले नसते. वाचकाला उपयोगी पडेल, विचार करावयास लावील असा मजकूर त्यात येऊ लागला, आणि कारखान्याची ही खबर पाहता पाहता मराठीतील एक प्रमुख मासिक होऊन बसली. तिच्या पाठोपाठ १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके त्याच घरातून निघाली. जाहिरातीसाठी काढलेल्या पत्राने मराठी माणसाला वाचनाची गोडी लावावी, हा योगायोग नव्हे. ज्याला गिऱ्हाइकाशी दीर्घकाळ नाते जोडावयाचे आहे, त्याने घेण्यापूर्वी काही द्यावे लागते, हा नियम तेथे पाळला गेला होता.

किर्लोस्करांचा कारखाना मोठा आणि साधने मोठी होती, असे कोणी म्हणेल. तेव्हा आता भंडारा जिल्ह्यातीलच दोन धंदे पाहू. त्यांतील एक पितळेच्या भांड्यांचा. भंडारा शहराला पितळनगरी म्हणत, ते उगीच नव्हे. तेथील कारागिरांनी ठोकून घडविलेली भांडी दूरदूरच्या घरांतून मांडलेली असत. लग्नात मुलीला दिलेला पितळेचा हंडा तिच्या नातवंडांच्या वापरात येई. अशा मालाला ओळखीची काय गरज होती? परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अॅल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि प्लॅस्टिक ह्यांची भांडी खेड्यापाड्यांत पोहोचली आणि पितळेचा हंडा माळ्यावर गेला. येथे दोष केवळ जाहिरातीच्या अभावाचा होता, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पितळेचे भांडे जड असते. ते चिंचेने घासावे लागते. त्यात आंबट शिजवावयाचे तर वेळोवेळी कल्हई लावून घ्यावी लागते. कल्हईवाला गावात येईनासा झाला आणि घासणारे हात इतर कामांत गुंतले, तेव्हा गृहिणीने हलके व सोपे भांडे पसंत केले. तिचे काय चुकले? गिऱ्हाईक का जात आहे, हे त्यालाच विचारणे हा ओळख करून देण्याचा पहिला भाग आहे, एवढा बोध पितळेच्या धंद्यापासून घ्यावयाचा. जो केवळ आपले सांगतो आणि दुसऱ्याचे ऐकत नाही, त्याचे सांगणे लवकरच एकट्याचे बोलणे होऊन जाते.

दुसरा धंदा कोशाच्या कापडाचा. त्यात आजही बरेच काही वाचण्यासारखे आहे, म्हणून त्याचा विचार अधिक विस्ताराने करणे अवश्य आहे.

पूर्व विदर्भाच्या जंगलात ऐन आणि अर्जुन ह्या झाडांवर तसर जातीचे रेशीमकिडे वाढतात. तुतीवरील किड्याप्रमाणे हा किडा घरात, टोपल्यात वाढविता येत नाही. तो उघड्या रानात, झाडाच्या पानांवर जगतो. भंडारा आणि गडचिरोली ह्या जिल्ह्यांत ढीवर समाजाची कुटुंबे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. किडे झाडावर सोडल्यापासून कोश धरीपर्यंत पाखरांपासून, मुंग्यांपासून त्यांचे रात्रंदिवस रक्षण करावे लागते. पुढे फांदीला देठाने लोंबणारे कठीण, करड्या-पिवळ्या रंगाचे कोश उतरवून आणतात. हे कोश खाराच्या पाण्यात उकळून मऊ करतात, आणि चारपाच कोशांचे तंतू एकत्र ओढून त्यांचा धागा करतात. हा धागा बायका उघड्या मांडीवर वळून काढीत असत. त्याने कातडी सोलून निघे आणि मजुरी थोडी पडे. अलीकडे ‘बुनियाद’ नावाच्या यंत्रासारखी साधने निघाल्यामुळे ह्या कष्टातून सुटण्याची वाट झाली आहे. त्यानंतर तो धागा मागावर चढतो. विदर्भातील प्रसिद्ध करवत काठी साडीचे पोत कोशाचे आणि काठ रंगीत सुताचा असतो. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, म्हणून तिला हे नाव पडले. काठासाठी आणि पोतासाठी धोटे वेगवेगळे चालवावे लागतात, त्यामुळे काम मंद चालते. ही नक्षी रामटेकच्या मंदिरावरून घेतली, असे सांगतात.

पूर्वी ह्या कापडाचे गिऱ्हाईक ठरलेले होते. पूजेला, जेवणाला आणि मंगलकार्याला सोवळे लागे, आणि कोशाचे वस्त्र सोवळ्यात चाले. म्हणजे ह्या मालाची जाहिरात विणकर करीत नव्हता. ती रूढी करीत होती. सोवळ्याचा आचार शिथिल झाला, त्याबरोबर ते गिऱ्हाईकही पांगले. आता कोशाचे कापड घेणारी मंडळी निराळी आहेत. शहरातील एखादी शिक्षिका, एखादी अधिकारी, एखादा विवाह ठरलेला तरुण, परदेशी राहणारे एखादे मराठी कुटुंब हे ते नवे गिऱ्हाईक. त्यांना सोवळे नको आहे. त्यांना हातमागाचे, आपल्या मातीतील, इतरांपेक्षा वेगळे वस्त्र हवे आहे. हौस आहे, ऐपतही आहे; नाही ती केवळ पारख.

ह्या पारखेच्या अभावी काय होते, ते एका लहानशा गोष्टीवरून ध्यानात येईल. कोशाचा हातकताईचा धागा सर्वत्र सारखा नसतो. तो कोठे जाड, कोठे बारीक असतो. मधूनच त्यात बारीकशी गाठ येते. रंगही अगदी एकसारखा पांढरा नसून मधासारखा असतो, आणि एका ठाणाचा रंग दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. जाणत्याला ही खरेपणाची खूण वाटते. परंतु यंत्रावरील गुळगुळीत कापडाची सवय झालेले डोळे तिला दोष समजतात. समजा, अशा एका गिऱ्हाइकापुढे दोन साड्या ठेवल्या. एक हातमागावर अनेक दिवस खपून विणलेली, दुसरी यंत्रमागावर नकली धाग्याची. दुसरी अधिक चकचकीत आणि पुष्कळ स्वस्त. पहिलीत गाठी दिसतात म्हणून तो भाव पाडून मागतो. विणकर गप्प राहतो, कारण बोलण्याची त्याला सवय नाही. आणि अनेक दिवसांची मेहनत एका गाठीपायी मातीमोल होते. त्याच वेळी त्याने जर एवढेच सांगितले असते की, ‘बाई, हा किडा रानातला, हा धागा हाताने काढलेला, ही गाठ त्याची सही आहे,’ तर जो दोष वाटत होता तोच गुण ठरला असता. वस्तू तीच, गाठ तीच. बदलले ते पाहणाऱ्याचे ज्ञान.

हे सांगणे सत्य असले पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको. पण बाजारात नेमके येथेच पाऊल घसरते. आज पुष्कळ ठिकाणी तसरच्या कापडात उभा धागा परदेशी किंवा गिरणीचा घालतात, कारण तो सरळ व मजबूत असतो आणि मागावर तुटत नाही. तसे करणे हे पाप नव्हे. तसे करून ‘संपूर्ण रानातला कोसा’ म्हणून विकणे हे मात्र पाप होय, आणि त्याचा दंड एकट्या विकणाऱ्याला होत नाही. फसलेले गिऱ्हाईक पुन्हा त्या गावच्या कोणत्याही विणकरावर विश्वास ठेवीत नाही. विहिरीत एकाने घाण टाकली तरी पाणी साऱ्या गावाचे नासते.

ह्याच कारणाने ओळखीच्या काही सामाईक खुणा कायद्याने आणि संस्थांनी निर्माण केल्या आहेत. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली ‘सिल्क मार्क’ ही खूण आणली. कापडातील रेशीम अस्सल आहे, एवढे ती सांगते. हातमागावर विणलेल्या कापडासाठी २००६ साली ‘हँडलूम मार्क’ निघाला. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ साली अमलात आला. विशिष्ट प्रदेशामुळे ज्या मालाला विशिष्ट गुण किंवा लौकिक लाभला, त्याचे नाव त्या प्रदेशातील उत्पादकांनीच वापरावे, हा त्याचा आशय. पैठणी, नागपूरचे संत्रे, भिवापूरची मिरची, वायगावची हळद ह्यांप्रमाणे विदर्भाच्या करवत काठी साडीलाही हे निर्देशन मिळालेले आहे. घरच्या घरी करावयाची परीक्षाही आहे. कापडाच्या कडेचा एक धागा काढून जाळावा. अस्सल रेशीम केस जळल्याप्रमाणे वास देते आणि त्याची राख बोटांत चुरगळते. बहुतेक नकली धागा वितळून त्याची कठीण गोळी होते. ही परीक्षा विणकराने गिऱ्हाइकापुढे स्वतः होऊन करून दाखवावी. ज्याला लपवावयाचे काही नाही, त्याला काडी ओढावयास भय कसले?

तथापि खूण ही साक्ष देणारी आहे, बोलणारी नव्हे. निर्देशन मिळाले म्हणून गिऱ्हाईक दारी येत नाही. खुणेचा अर्थ सांगणारा माणूस तिच्यामागे लागतोच. मग एकोडीसारख्या गावातील लहान धंदेवाल्याने, तो विणकर असो, तांदूळ विकणारा शेतकरी असो की शिंपी असो, काय करावे?

पहिली गोष्ट, मालाला आपले नाव लावावे. आज पुष्कळ विणकरांचे कापड व्यापाऱ्याच्या हाती जाते आणि शहरातील दुकानात नुसते ‘तसर’ म्हणून विकले जाते. विणणारा कोण, गाव कोणते, ह्याचा मागमूस राहत नाही. ठाणाबरोबर एक लहान चिठ्ठी गेली, तिच्यावर विणकराचे नाव, गावाचे नाव, धाग्याची जात, विणावयास लागलेले दिवस आणि धुण्याची रीत एवढे पाच तपशील शुद्ध मराठीत लिहिलेले असले, तर तिला खर्च काही आण्यांचाच. पण ज्या साडीला नाव आहे, ती पुन्हा मागता येते. जिला नाव नाही, ती एकदाच विकली जाते.

दुसरी गोष्ट, काम करताना दाखवावे. शेतकऱ्याला नांगर वावरात चालताना दाखवावा लागला. तसेच माग चालताना दाखवावा. पूर्वी ह्यासाठी गिऱ्हाइकाला गावी यावे लागे. आता घरातील शिकलेला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर धोट्याची दोन मिनिटांची हालचाल टिपून हजार कोसांवर पाठवू शकते. ह्या नव्या साधनाला भिऊ नये आणि त्याला भुलूही नये. चित्र सुंदर काढून माल निराळा पाठविला, तर जितक्या वेगाने चित्र पसरले तितक्याच वेगाने तक्रार पसरेल.

तिसरी गोष्ट, दिलेला शब्द पाळावा. धंद्याची जाहिरात ही अखेरीस माणसाची जाहिरात असते. अमुक दिवशी माल देतो म्हटल्यावर तो त्या दिवशी द्यावा. नाही जमले तर आधी कळवावे. उत्तर नम्र असावे, हिशेब लेखी असावा, चूक झाली तर माल परत घ्यावा. अनोळखी गिऱ्हाइकाला कारागिराचे मन दिसत नाही. त्याला दिसते ती केवळ ही वागणूक.

चौथी गोष्ट, एकट्याने होत नाही ते मिळून करावे. एकेका विणकराला शहरातील प्रदर्शनात जाणे, खुणेसाठी अर्ज करणे, रंगाची नवी जात आजमावणे परवडत नाही. दहा घरे एकत्र आली तर परवडते. मात्र जे एकत्र येतील, त्यांनी एकमेकांच्या मालाची कठोर परीक्षा करण्याचे धैर्य ठेवावे. गावाच्या नावावर हलका माल बाहेर जाऊ नये, ह्याची जबाबदारी सर्वांची.

एवढे केले म्हणजे सारे दुःख हरले, असे मात्र नाही. सूत महाग होते, जंगल विरळ होते, भांडवल वेळेवर मिळत नाही. ह्या अडचणी नुसत्या बोलण्याने सुटत नाहीत. त्यांसाठी सरकारने आणि सहकारी संस्थांनी आपले काम केलेच पाहिजे. परंतु एक गोष्ट बाहेरचा कोणीही करून देऊ शकत नाही. ती म्हणजे आपल्या कामाविषयी सत्य, सोपे आणि निःसंकोच बोलणे. विणकराचा मुलगा माग सोडून शहरात मजुरीला जातो, तेव्हा तो केवळ पैशासाठी जातो असे नव्हे. बापाच्या हातच्या कामाला बाहेर कोणी नावाने ओळखत नाही, हेही तो पाहत असतो. ज्या कामाला नाव नाही, त्या कामात आयुष्य घालावयास तरुण मन धजत नाही. उलट, दूरच्या शहरातून एखादे पत्र आले, ‘तुमच्या वडिलांनी विणलेली साडी पोहोचली, तशीच आणखी एक हवी,’ तर तो मुलगा मागाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागेल.

तेव्हा ओळख करून देणे हा दिमाख नव्हे. ते धंद्याचे कर्तव्य आहे. पूर्वी हे काम गाव आपण होऊन करीत असे. आता बाजार गावाबाहेर गेला आहे, म्हणून ते कारागिराच्या अंगावर आले आहे. त्याच्या कोशाच्या धाग्यात गाठ राहणारच. ती लपवावयाची नसून समजावून सांगावयाची आहे.